खलनायकाची बाजू पोथीत कुठे असते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवरात्र जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत कोल्हासुराची कथा येते आणि त्याच सुमारास कोल्हापुरातल्या हौशी नाट्यसंस्थांच्या तालमी रंगू लागतात. अलीकडे या तालमींत, नव्या कादंबऱ्यांत आणि मालिकांत एकच ओढ दिसते. जुन्या दंतकथेतला खलनायक घ्यायचा आणि ‘त्याची बाजू’ मांडायची. पदव्युत्तर वर्गातली मुलेही प्रकल्पासाठी हाच विषय मागतात. ही ओढ आम्हाला मनापासून आवडते. अडचण एवढीच, की बाजू मांडायला बसणारा माणूस ती पोथीत शोधत नाही, स्वतःच्या मनातून आणतो. मग कोल्हासुर असो, मणी असो किंवा परदेशातला मॉर्ड्रेड असो, सगळ्यांचे दुःख सारखेच निघते: लहानपणी झालेला अपमान, हुकलेले प्रेम, बापाने टाकलेले पोर. पोथी नीट उघडली तर प्रत्येकाची बाजू तिथे लिहिलेली असते, आणि ती आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळ्याच पानावर असते. ते पान कसे शोधायचे हे सविस्तर सांगावे म्हणून हे लांबलेले पत्र.

घरापासूनच सुरुवात करू. करवीर माहात्म्याच्या प्रचलित कथेत कोल्हासुर देवीकडूनच वर मिळवतो, की शंभर वर्षे तिने या क्षेत्रापासून दूर राहावे. शंभर वर्षे संपतात, महालक्ष्मी येते, युद्ध होते, असुर पडतो. पडताना तो मागणे मागतो, की हे क्षेत्र माझ्या नावाने ओळखले जावे आणि दरवर्षी माझ्या नावाने कोहळ्याचा बळी दिला जावा. देवी ‘तथास्तु’ म्हणते. करवीर हे नावसुद्धा काही कथांत कोल्हासुराच्या मुलाचे सांगतात. म्हणजे कथेपुरते बोलायचे तर आपल्या गावाची दोन्ही नावे पराभूत पक्षाची आहेत.

पुढचा भाग त्र्यंबोलीचा. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकतो. त्र्यंबोली युक्तीने तो दंड काढून घेते, कामाक्षाला मारते आणि सगळ्यांना सोडवते. विजयाच्या सोहळ्यात मात्र तिचाच विसर पडतो. ती रुसून टेकडीवर जाऊन बसते. तिची समजूत काढायला महालक्ष्मी स्वतः जाते आणि कोल्हासुराला कसे मारले ते तिला कोहळा फोडून दाखवते. आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजे याच त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. त्यामागे ही कथा आहे. खलनायकाच्या मरणाचा प्रयोग दरवर्षी होतो, तो त्यानेच मागून घेतला होता, आणि तो करून दाखवला जातो तो विजयात विसरल्या गेलेल्या एका देवीला. नाटककाराला याहून अधिक काय हवे? तरीही कोल्हासुरावर लिहायला बसलेला लेखक बहुधा हे मागणे वगळतो आणि ‘मुळात तो इथला न्यायी राजा होता’ इथून सुरुवात करतो.

तसे लिहायला कुणाची मनाई नाही. पण ते इतिहास म्हणून सांगू नये. इथे राज्य केलेल्या शिलाहार घराण्याच्या कोरीव लेखांत गावाचे नाव ‘कोल्लापूर’ असे येते. आधी स्थळनाव असते आणि त्याचा अर्थ सांगणारी कथा मागून जुळते, ही माहात्म्यग्रंथांची नेहमीची रीत आहे. त्यामुळे नावात ‘कोल्हा’ आहे एवढ्यावरून त्या नावाचा राजा होऊन गेला असे ठरत नाही, आणि असुर म्हणून रंगवला म्हणून तो कुणी मूळचा राजा असलाच पाहिजे असेही ठरत नाही.

मणी आणि मल्ल यांच्या बाबतीत याहून मोठी चूक होते. मल्हारी माहात्म्यात हे दोघे भाऊ असले तरी त्यांचे शेवट वेगळे आहेत. मणी शरण येतो, आपली मूर्ती खंडोबाजवळ असावी असे मागतो, आणि त्याला पूजेत जागा मिळते. मल्ल शेवटपर्यंत माणसांचा नाशच मागतो, म्हणून त्याचे शिर देवळाच्या पायरीशी जाते आणि भक्तांचे पाय त्याच्यावर पडतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात दोघांना एकसारखे मुखवटे, एकसारख्या मिशा आणि एकसारखे हसणे मिळते. कथेचा कणाच त्या दोन मागण्यांमधल्या फरकात आहे आणि नेमका तोच हरवतो.

आता पद्धतीकडे. आपल्या माहात्म्यांच्या पोथ्यांचा काळ ठरवणे कठीण असते. नवख्या अभ्यासकाने आधी हात बसवावा तो अशा दंतकथेवर, जिचा प्रत्येक पदर तारखेसह हाती आहे. यासाठी ब्रिटनच्या आर्थर राजाच्या कथेतला मॉर्ड्रेड सर्वांत सोयीचा. त्याचे सगळे ग्रंथ छापलेले आहेत, इंग्रजीत उपलब्ध आहेत, आणि सुमारे ५०० वर्षांत तो कसा वाढत गेला हे पान पान उलटून दिसते.

सर्वांत जुनी नोंद वेल्श वर्षवृत्तांतांत ५३७ सालाखाली आहे. ती एका ओळीची आहे: कामलानची लढाई, तीत आर्थर आणि मेद्राउत (मॉर्ड्रेडचे वेल्श नाव) पडले. एवढेच. दोघे एकमेकांविरुद्ध लढले असे तिथे नाही, एकाच बाजूने लढले असेही नाही. नाते नाही, गुन्हा नाही. शिवाय हे वृत्तांत संकलित झाले ते दहाव्या शतकाच्या मध्याला, आणि हाती असलेले सर्वांत जुने हस्तलिखित सुमारे ११०० सालचे आहे. प्रसंगाचे साल, रचनेचे साल आणि नकलेचे साल ही तीन वेगळी सालं आहेत. विद्यार्थी पहिलेच साल उचलतात आणि ‘सहाव्या शतकातला पुरावा’ असे लिहून मोकळे होतात. पुढचा सगळा प्रबंध मग त्या चुकीवर उभा राहतो.

बाराव्या शतकातले काही वेल्श स्तुतिकवी आपल्या आश्रयदात्याची थोरवी सांगताना त्याचा स्वभाव मेद्राउतसारखा आहे असे म्हणतात. शिवी म्हणून नव्हे, गौरव म्हणून. त्याच शतकात, ११३६ ते ११३८च्या सुमारास, जेफ्री ऑफ मॉन्मथ आपला लॅटिन इतिहास लिहितो आणि खलनायक उभा राहतो. इथे मॉर्ड्रेड आर्थरचा भाचा आहे. राजा रोमनांशी लढायला समुद्रापलीकडे जाताना राज्य त्याच्यावर सोपवतो. तो मुकुट घेतो, राणीलाही घेतो. शेवटची लढाई कॉर्नवॉलमध्ये होते आणि जेफ्री साल देतो ५४२. वर्षवृत्तांतांपेक्षा पाच वर्षांचा फरक आहे, तो टिपून ठेवावा.

तेराव्या शतकाच्या पहिल्या भागात फ्रेंच गद्यचक्र, म्हणजे आर्थरच्या गद्य कथांची मालिका येते आणि नाते बदलते. मॉर्ड्रेड आता भाचा असूनही पुत्र आहे. आर्थरला नकळत बहिणीपासून झालेला. राणी त्याला नकार देते आणि लंडनच्या टॉवरमध्ये स्वतःला कोंडून घेते, म्हणजे जेफ्रीकडे दोषी असलेली राणी इथे निर्दोष होते. राजा मेल्याचे खोटे पत्र याच परंपरेत येते. शेवटी आर्थरचा भाला मॉर्ड्रेडच्या अंगातून आरपार जातो आणि त्या जखमेतून सूर्याचा किरण दिसतो. इटालियन कवी दान्तेने नरकाच्या तळाशी, बर्फात गोठलेल्या विश्वासघातक्यांमध्ये मॉर्ड्रेडला ठेवताना ‘ज्याची छाती आणि सावली एकाच घावाने भेदली’ अशी त्याची ओळख दिली आहे, ती या किरणावरून.

सुमारे १४००च्या इंग्रजी अनुप्रासबद्ध काव्यात मात्र कुणी अपेक्षिले नसेल असे घडते. राज्य सोपवले जात असताना मॉर्ड्रेड गुडघे टेकून विनवतो, की मला हे देऊ नका, मला युद्धाला न्या. पुढे त्याच्याच हातून आर्थरचा भाचा आणि वीर गवेन पडतो, तेव्हा तो त्या प्रेतापाशी उभा राहून त्याची थोरवी सांगतो आणि रडतो. ‘खलनायकाला माणूस करणे’ हा आधुनिक काळाचा शोध आहे असे मानणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. सहाशे वर्षांपूर्वीच्या कवीने ते केले आहे, आणि त्यासाठी त्याला मॉर्ड्रेडचे बालपण सांगावे लागलेले नाही.

मग इंग्रजी गद्यलेखक टॉमस मॅलरी. आर्थरकथेचा त्याचा ग्रंथ १४६९-७० मध्ये पुरा झाला आणि मुद्रक कॅक्स्टनने ३१ जुलै १४८५ रोजी तो छापून काढला. त्याचे हस्तलिखित विंचेस्टरच्या शाळेत १९३४ साली सापडले, तेव्हा कळले की एकवीस भागांची मांडणी कॅक्स्टनची आहे आणि मजकुरातही त्याने हात घातलेला आहे. त्यामुळे ‘मॅलरी म्हणतो’ असे लिहिताना कोणती आवृत्ती हाताशी आहे हे सांगणे बंधनकारक समजावे.

मॅलरीत आपल्या वाचकाला ओळखीचे काहीतरी भेटते. जादूगार मर्लिन आर्थरला सांगतो, की मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेले मूल तुझा नाश करील. आर्थर त्या दिवशी जन्मलेली थोरामोठ्यांची सगळी मुले मागवतो आणि नावेत घालून समुद्रात सोडतो. नाव फुटते, मुले बुडतात, मॉर्ड्रेड किनाऱ्याला लागतो, एक भला माणूस त्याला चौदा वर्षे सांभाळतो. मराठी वाचकाला इथे कंस आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त कंसाचे काम इथे नायकाने केलेले आहे. आजची बहुतेक पुनर्कथने या नावेवर बांधलेली असतात: बुडता बुडता वाचलेले पोर सूड घ्यायला येते. पण मॅलरीच्या मॉर्ड्रेडच्या तोंडी सुडाची ही भाषा नाही. नाव पहिल्या भागात राहते, बंड शेवटच्या भागात येते, आणि मॅलरी दोन्ही जोडत नाही. जोडणारा आजचा लेखक आहे. जोडायला हरकत नाही, मात्र ‘मूळ कथेत असे आहे’ असे म्हणू नये.

लोक मॉर्ड्रेडच्या मागे का गेले, हेही मॅलरी सांगतो. आर्थरबरोबर नुसती लढाई आणि भांडण, मॉर्ड्रेडबरोबर सुख, असे लोक म्हणू लागले होते. इंग्लंडात गादीसाठी घराघरांत युद्धे चालू असताना लिहिलेली ही ओळ आहे. तो मॉर्ड्रेडला टॉवरवर तोफाही डागायला लावतो. सहाव्या शतकाच्या कथेत तोफ! काळाचा पदर ओळखायला अशा वस्तूंइतका भरवशाचा साक्षीदार नाही. आपल्या पोथ्या, कैफियती आणि बखरी वाचतानाही शस्त्रे, नाणी, पिके, हुद्दे यांची वेगळी यादी करावी. एखादा हुद्दा अमुक राजवटीपूर्वी नव्हताच असे निघाले तर तो मजकूर त्या राजवटीतला किंवा तिच्यानंतरचा, हे वादाशिवाय ठरते.

आणि लढाई सुरू कशी होते? दोन्हीकडची चौदा-चौदा माणसे तहासाठी पुढे येतात. मॉर्ड्रेडला कॉर्नवॉल आणि केंट, आर्थरच्या पश्चात सगळे इंग्लंड, असे ठरते. तेवढ्यात गवतातून साप निघून एकाच्या पायाला चावतो. तो साप मारायला तलवार उपसतो. पाते चमकलेले पाहून दोन्ही सैन्ये तुटून पडतात. तहाच्या क्षणी दुष्टपणा कुणाचाच नव्हता. रंगमंचावर हा प्रसंग काढून मॉर्ड्रेडने तह मोडला असे दाखवणे म्हणजे कथेचा सर्वांत मोलाचा दागिना मोडीत घालणे. शेवट तर अंगावर येतो: भाला पोटात असताना मॉर्ड्रेड त्याच भाल्यावर स्वतःला पुढे रेटत मुठीच्या चकतीपर्यंत येतो आणि आर्थरच्या डोक्यावर वार करतो.

स्कॉटलंडमध्ये १५२७ साली हेक्टर बोएसने लॅटिनमध्ये इतिहास लिहिला, त्यात मॉर्ड्रेड हाच खरा वारस ठरतो, कारण तिथल्या मते आर्थरचा जन्मच विवाहबाह्य होता. सीमा ओलांडली की खलनायक हक्कदार होतो. ही गोष्ट महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

हे सगळे डोक्यात ठेवता येत नाही, म्हणून तक्ता करायचा. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर डावीकडे ग्रंथ, रचनेच्या क्रमाने, एकाखाली एक. वर सात रकाने: रचनेचा काळ, हस्तलिखिताचा काळ, नायकाशी नाते, गुन्हा, स्वतः सांगितलेला हेतू, शिक्षा, आणि मरतानाचे शब्द किंवा मागणे. एका खलनायकाला निदान पाच ग्रंथ घ्यावेत. प्रत्येक ग्रंथ दोनदा वाचावा. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा खलनायक ज्या पानांवर आहे तेवढाच. ग्रंथात आहे ते शाईने लिहावे, आपला तर्क पेन्सिलीने. जिथे ग्रंथ गप्प आहे तो रकाना कोरा ठेवावा. नव्या अभ्यासकाचा हात इथेच घसरतो. वर्षवृत्तांतांतला ‘गुन्हा’ हा रकाना रिकामा दिसतो आणि तो नकळत जेफ्रीतला गुन्हा तिथे भरतो. उलट्या बाजूची घसरणही तितकीच वाईट: रकाना कोरा आहे म्हणून मेद्राउत निर्दोष होता असे जाहीर करणे. ग्रंथाचे मौन हा पुरावा कुठल्याच बाजूचा होत नाही. ‘स्वतः सांगितलेला हेतू’ हा रकाना भरताना निवेदकाने लावलेला हेतू त्यात येऊ देऊ नये. निवेदक ‘लोभाने’ म्हणतो, खलनायक स्वतः काही वेगळेच बोलत असतो किंवा काहीच बोलत नसतो. तक्ता पुरा झाल्यावर हा एक रकाना वरून खाली वाचून काढला, तरी निम्मे संशोधन झालेले असते.

आपल्या पोथ्यांसाठी याच तक्त्यात दोन गोष्टी वाढवाव्या लागतात. पहिली पुष्पिका, म्हणजे अध्यायाच्या किंवा ग्रंथाच्या शेवटची ओळ. ‘इति श्रीपद्मपुराणे’ असे लिहिले म्हणून तो मजकूर त्या पुराणाच्या सगळ्या प्रतींत सापडेलच असे नाही. क्षेत्रमाहात्म्ये स्वतःला एखाद्या मोठ्या पुराणाला जोडून घेतात, हे गृहीत धरूनच चालावे. दुसरी गोष्ट शक. शेवटी दिलेला शक बहुतेक वेळा नकल करणाऱ्याचा असतो, रचणाऱ्याचा नव्हे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, तिथी जानेवारी उजाडल्यानंतरची असेल तर ७९. संवत्सराचे नाव दिले असेल तर पडताळा करता येतो: शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या. १२ मिळवून १६०८, साठने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. बरोबर जुळले. पोथीत शक आणि संवत्सर जुळत नसतील तर नकलकाराने दोनपैकी एक चुकवले आहे; अशा वेळी वार आणि तिथी पाहून निकाल करावा.

फितुरीच्या कथांसाठी दुसरे उदाहरण फ्रान्सचे आहे. १५ ऑगस्ट ७७८ रोजी पिरनीज पर्वताच्या खिंडीत फ्रँक राजा शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी कापली गेली. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो, की हल्ला बास्क लोकांनी केला. मेलेल्यांत तो रोलाँ या सरदाराचे नाव देतो. फितूर कुणीही नाही. सुमारे ११००च्या ‘रोलाँचे गीत’ या चार हजार ओळींच्या काव्यात शत्रू बदलून सारसेन, म्हणजे मुसलमान होतो आणि गानेलाँ हा फितूर जन्माला येतो, तोही रोलाँचा सावत्र बाप. तीनशे वर्षांत हे का घडले? आपला अजिंक्य वीर डोंगरातल्या टोळ्यांकडून मेला हे गिळता येत नाही; घरभेद्याने घात केला हे सांगता येते. पराभव जितका जिव्हारी लागलेला, तितकी घरभेद्याची गरज मोठी. आपल्याकडे फितुरासाठी जी दोनचार नावे म्हणीसारखी तोंडात बसली आहेत, ती वापरण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा, की समकालीन कागदात हे नाव आहे का, की शंभर वर्षांनंतरच्या बखरीत ते पहिल्यांदा दिसते? त्या नावांची घराणी आजही आपल्या शेजारी नांदत आहेत. अफझलखानाच्या प्रसंगासारखा सर्वांना पाठ असलेला विषयसुद्धा १० नोव्हेंबर १६५९ नंतर लवकरच रचलेला अज्ञानदासाचा पोवाडा, सतराव्या शतकाच्या अखेरची सभासद बखर आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची चिटणीस बखर असा शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर तक्त्याचा उत्तम सराव होतो.

गानेलाँची बाजू कुठे आहे? खटल्यात. तो गुन्हा नाकारत नाही. मी रोलाँला भर दरबारात आव्हान दिले होते, म्हणून हा सूड आहे, राजद्रोह नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. न्यायसभा जवळजवळ त्याला सोडते. शेवटी द्वंद्वात त्याच्या बाजूचा पिनाबेल पडतो, गानेलाँला चार घोड्यांना बांधून फाडले जाते आणि त्याला जामीन राहिलेले तीस नातेवाईक फासावर जातात. वैयक्तिक सूड आणि राजाशी निष्ठा यांत वरचढ कोण, हा त्या काळच्या सरंजामी कायद्याचा जिवंत वाद होता. ती बाजू घेऊन आजही कडक नाटक होईल. गानेलाँच्या बालपणाची त्यात काहीच गरज नाही.

आता दोन्हीकडचे तक्ते शेजारी ठेवा आणि शेवटचा रकाना पाहा. मॉर्ड्रेडला, गानेलाँला मरताना काहीही मिळत नाही. नाव नाही, जागा नाही, नैवेद्य नाही. दान्तेने तर दोघांनाही त्याच बर्फात, एकाच सर्गात गोठवले आहे. कोल्हासुराला क्षेत्राचे नाव आणि वार्षिक कोहळा मिळतो, मणीला देवाजवळ स्थान. आपल्या दंतकथेत मारणारा मरणाऱ्याला विचारतो, तुला काय हवे? आमच्या मते आपल्या असुरांची बाजू या उत्तरात आहे. तिकडे ती नात्यात आणि कायद्यात आहे. तिकडच्या कादंबऱ्यांचा साचा आणून असुराला जखमी बालपण दिले, की त्याचे मागणे कुणाला ऐकूच येत नाही.

बाजू उलटवून सांगण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही, आणि ती चांगल्या रीतीने चालवलेली आहे. महात्मा फुले यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त बळीची कथा उलटी वाचली. त्यांच्या हाती दुःखी बळीचे कल्पित स्वगत नव्हते. बाया ओवाळताना म्हणत आलेल्या ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ या ओळीला त्यांनी साक्षीला उभे केले. लोकांच्या तोंडी टिकलेला पदर ग्रंथातल्या पदरासमोर ठेवणे, ही अभ्यासाची रीत झाली. दुसरी रीत खाडिलकरांची: १९०७च्या ‘कीचकवधा’त कीचकाच्या आड लॉर्ड कर्झन उभा होता, हे प्रेक्षकांना कळले, सरकारलाही कळले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. तिथे कीचक माणूस झाला नाही, अधिक काळा झाला, आणि त्या कामासाठी तेच हवे होते. पुढे बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, तेव्हा कीचकाच्या वधाचे दृश्य इतके खरे वाटले, की सेन्सॉरने ते कापायला लावले. एकाच खलनायकाच्या या दोन अवतारांत कोणते काम कशासाठी केले, हे ज्याला सांगता येते त्याने तिसरा अवतार लिहायला घ्यावा.

जायसीच्या ‘पद्मावत’विषयी थोडक्यात. अलाउद्दीन खिलजीने चितोडला घातलेला वेढा १३०३चा, काव्य १५४०चे, मध्ये २३७ वर्षे. वेढ्याच्या वेळी हजर असलेला अमीर खुसरो पद्मिनीचा उल्लेख करत नाही. आणि जायसीचा अलाउद्दीन किल्ल्यात शिरतो तेव्हा त्याला फक्त राख सापडते. तो मूठभर उचलतो, उडवतो आणि जग खोटे आहे म्हणतो. नंतरच्या किती कथनांत ही मूठभर राख शिल्लक आहे, हे ज्याने त्याने मोजावे.

एकांकिका लिहिणाऱ्यांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. पाऊण तासाच्या खेळात एकच पदर घ्यावा. जेफ्रीचा भाचा, फ्रेंच चक्रातला पुत्र आणि अनुप्रासबद्ध काव्यातले अश्रू एकत्र कोंबले, की तीन माणसांचे एक भूत होते. खलनायकाचे खुलासा करणारे स्वगत पहिल्या दहा मिनिटांत ठेवू नये; पोथी ते शेवटी ठेवते, कारण मारणाऱ्याचा हात उचललेला असतानाच त्या शब्दांना वजन येते. आणि पोथीत वर्ण सांगितलेला नसेल तर असुराच्या अंगाला काळा रंग फासू नये. अंगाच्या रंगावरून दुष्टपणा ओळखायला आपण शाळेच्या रंगमंचावर मुलांना शिकवत आहोत, याचे आम्हाला फार वाईट वाटते. कोकणातल्या दशावतारातला संकासुर काळ्या वेषात, उंच टोपीत येतो हे खरे, पण तो येतो तेव्हा सगळी जत्रा हसून त्याचे स्वागत करते. त्या वेषामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. ते नाते नसताना नुसता रंग उचलू नये.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. यंदाच्या नवरात्र पुरवणीत कोल्हासुर, जोतिबाच्या कथेतले रत्नासुर आणि रक्तभोज, मणी, मल्ल यांपैकी कुणाचीही कथा छापताना तिच्याखाली एक ओळ द्यावी: कोणता ग्रंथ, कितवा अध्याय, छापील की हस्तलिखित, की तोंडी ऐकलेली. तोंडी असेल तर कोणत्या गावची, एवढे पुरे. त्या एका ओळीने वाचकाच्या हाती तक्त्याची पहिली रांग पडेल.

आणि ज्यांच्या घरी माहात्म्याच्या जुन्या पोथ्या किंवा बाडे (हस्तलिखित वह्या) आहेत त्यांनी पावसाळी हवेत ती सोडू नयेत. कोरड्या दिवशी, सावलीत, पंखा बंद करून उघडावीत. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षर घेऊनच सुटतो. मोबाइलने फोटो काढताना उजेड बाजूने घ्यावा, फ्लॅश नको, आणि समासासह पूर्ण पान चौकटीत यावे, कारण शक, नकलकाराचे नाव आणि दुरुस्त्या पुष्कळदा समासातच असतात. सुरुवात शेवटच्या पानापासून करावी. पुष्पिका तिथे असते, आणि बाडाचे तेच पान सर्वांत आधी झिजते.

आपले विश्वासू,
मध्ययुगीन कथावाङ्मयाचे दोन अध्यापक,
कोल्हापूर